दगडाचे वय म्हणजे कशाचे वय?



कोकणातल्या माणसाला दगडाची ओळख करून द्यावयास नको. त्याचे घर चिऱ्याचे, त्याच्या बागेचा गडगा दगडाचा, त्याची विहीर कातळ फोडून काढलेली आणि त्याचा देवही पुष्कळदा कड्यावर बसलेला. तेव्हा या किनाऱ्यावर दगडाविषयी बोलणे म्हणजे आईपुढे आजोळच्या गोष्टी सांगण्यासारखेच आहे. तरीही एक प्रश्न असा आहे की, तो आपण सहज विचारतो, पण विचारताना त्याचा नेमका अर्थ मनात आणीत नाही. तो प्रश्न म्हणजे, हा दगड किती वर्षांचा?

एखाद्या जुन्या घराचे उदाहरण घ्या. जोते पणजोबांनी बांधलेले, माडी आजोबांनी चढविलेली, कौले परवाच्या वादळानंतर बदललेली. शिवाय तुळईचा साग घर बांधण्यापूर्वी शंभर वर्षे रानात उभा होता. आता घराचे वय काय सांगाल? जोत्याचे सांगाल, कौलांचे सांगाल की सागाचे? प्रत्येक उत्तर खरे आहे, पण प्रत्येक उत्तर वेगळ्या प्रश्नाचे आहे. दगडाचेही असेच आहे. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेतून एक आकडा आणतो, तो आकडा कोणत्या तरी एका घटनेचा असतो. ती घटना कोणती, हे ओळखता आले नाही तर आकडा कितीही सूक्ष्म असला तरी तो फसवतो. आजच्या विवेचनाचा सारा रोख एवढ्या एका गोष्टीवर आहे.

आंजर्ल्याचा तीन पदरी दगड

आंजर्ल्याच्या परिसरात तीन जातींचे दगड आपल्या ओळखीचे आहेत. पहिला काळा दगड, म्हणजे आपला काळवत्री. भरतीच्या लाटा ज्यावर आपटतात ते खडक याचे. समोर हर्णैचा सुवर्णदुर्ग याच खडकाच्या बेटावर उभा आहे, आणि त्याच्या तटाचा बराच भाग तर मूळ खडकच तासून काढलेला आहे. दुसरा जांभा. टेकड्यांच्या माथ्यावर, सड्यावर, जो तांबूस, भोकाभोकांचा, खाणीतून काढताना मऊ आणि वाऱ्याउन्हात घट्ट होणारा दगड मिळतो तो हा. तिसरा करल. कोकणच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, वाळू आणि शंखशिंपल्यांचा चुरा चुन्याने सांधला जाऊन जो खरबरीत दगड बनतो त्याला आपले लोक करल म्हणतात.

टेकडीवर विहीर खणणाऱ्यास हा क्रम पाठ असतो. वर जांभा लागतो, त्याखाली पांढरट-जांभळी चिकण माती, म्हणजे शेडी, त्याखाली कुजका दगड, आणि अखेरीस ज्यावर पहार खणखणते असा काळा दगड. हे चारही थर मुळात एकाच काळ्या दगडाचे आहेत. पावसाने आणि उष्णतेने वरून खाली तो जसजसा कुजत गेला तसतशी ही रूपे झाली. म्हणजे जांभा हा काळ्या दगडाचाच वंशज. मग त्याचे वय बापाचे सांगावयाचे की त्याचे स्वतःचे?

वडीलधारा कोण, एवढेच पूर्वी कळे

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते १८५१ साली स्थापन झाले. त्या काळापासून नकाशा घेऊन, हातोडी घेऊन, पऱ्यापऱ्यातून आणि घाटाघाटातून हिंडणाऱ्या भूशास्त्रज्ञांनी दख्खनच्या काळ्या दगडाचे थर नोंदले. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यावर पायऱ्यापायऱ्यांसारखे जे टप्पे दिसतात तो एकेक लाव्हाचा लोट होय. दोन लोटांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. पहिला लोट थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मधल्या काळात जी धूळमाती साचली, ती वरच्या लोटाखाली दडपली जाऊन तसा पट्टा झाला.

खालचा थर थोरला आणि वरचा धाकटा, हा साधा नियम. त्यावरून क्रम कळतो, वर्षे कळत नाहीत. वर्षांचा अंदाज जीवाश्मांवरून करीत. नागपूरजवळ टाकळी येथे स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने १८५० नंतरच्या दशकात दोन लोटांमधील गाळात शंख, वनस्पती यांचे अवशेष गोळा केले. पुढे १९३४ साली वनस्पतिशास्त्रज्ञ बीरबल साहनी यांनी अशाच अवशेषांच्या आधारे प्रश्न टाकला की, हा लाव्हा डायनोसॉरांच्या युगातला की त्यानंतरच्या युगातला? विद्वानांत दोन पक्ष पडले. शक नसलेल्या शिलालेखासारखी ती अवस्था होती. अक्षरांच्या वळणावरून शतक सांगावे, आणि दुसऱ्याने ते खोडून काढावे. शक कोरलेला दगड मिळेपर्यंत वाद मिटत नाही.

दगडातच कोरलेला शक

तो शक दगडाच्या पोटातच आहे, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभी ध्यानात आली. रदरफर्ड, बोल्टवूड आणि त्यांच्यानंतर तरुण आर्थर होम्स यांनी दाखविले की, युरेनियमसारखी मूलद्रव्ये आपोआप फुटत असतात आणि त्यांचे रूपांतर ठरावीक वेगाने होत असते. उष्णता, थंडी, दाब यांनी त्या वेगात कालगणनेला बाध येईल असा फरक पडत नाही. हे घड्याळ कोणी चावी देऊन चालत नाही आणि कोणी थांबविल्याने थांबत नाही.

या घड्याळाचा हिशेब मात्र सावकाराच्या सरळ व्याजासारखा नाही. एखाद्या मूलद्रव्याचे जितके अणू असतील त्यांतील निम्मे फुटावयास जो काळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. उरलेल्या निम्म्यांतले निम्मे फुटावयास पुन्हा तितकाच काळ. म्हणजे रुपयाचे आठ आणे, मग चार आणे, मग दोन आणे. हे अर्धायुष्य प्रत्येक मूलद्रव्याचे निराळे, आणि म्हणून घड्याळेही निराळी. कोणते लाखो-कोटी वर्षांच्या हिशेबाचे, कोणते हजारांच्या.

काळ्या दगडाला उपयोगी पडणारे घड्याळ पोटॅशियमचे आहे. नारळाला जे पोटॅशचे खत घालतो त्यातले मूलद्रव्य ते हेच. दर दहा हजार पोटॅशियम अणूंत साधारण एक अणू ४० वजनाचा, अस्थिर असतो. त्याचे अर्धायुष्य १२५ कोटी वर्षे. तो फुटला की बहुतेक वेळा त्याचा कॅल्शियम होतो, पण शंभरात सुमारे अकरा वेळा त्याचा आर्गॉन नावाचा वायू होतो. आर्गॉन हा विरक्त वायू. तो कोणाशी संयोग पावत नाही, स्फटिकाच्या जाळीत अडकून स्वस्थ बसतो.

हिशेब करून पाहू. एक किलो काळ्या दगडात पोटॅशियम ४ ग्रॅम आहे असे धरा. त्यात दर सेकंदाला आर्गॉनचे सुमारे १३ अणू जन्मतात. आपण हे वाक्य वाचून संपवीपर्यंत शंभरएक जन्मले असतील. आता ६ कोटी ६० लाख वर्षे हा जन्म अखंड चालू आहे असे समजा आणि तो सारा वायू एकत्र करा. तो किती भरेल? एका घन सेंटिमीटरचा अवघा हजारावा भाग. एवढासा वायू बाहेर काढून त्यातील अणू वजनावारीने वेगळे करून मोजणारी यंत्रे माणसाने बनविली, हे या शास्त्राचे खरे बळ.

पाटी कोरी केव्हा होते?

आता मुख्य मुद्दा. घड्याळ चालू आहे हे ठीक, पण ते शून्यावर केव्हा होते? देवळातील दानपेटीची कल्पना करा. पेटीत रोज ठरावीक नाणी पडतात. पेटी उघडून नाणी मोजली की, मागच्या वेळी ती केव्हा रिकामी केली ते सांगता येते. देऊळ केव्हा बांधले ते मात्र त्यावरून कळत नाही. लाव्हा वितळलेला असतो तेव्हा त्यातला आर्गॉन बुडबुड्यांवाटे उडून जातो. पेटी रिकामी होते. लाव्हा थिजला, स्फटिक घट्ट झाले, की पेटीला कुलूप लागते आणि नाणी साठू लागतात. म्हणून पोटॅशियम-आर्गॉनचे वय हे लाव्हा थिजल्यापासूनचे वय. त्यातील अणू पृथ्वीच्या पोटात आधी किती काळ होते याच्याशी त्याचा संबंध नाही.

यात दोन अटी आल्या. कुलूप लावताना पेटी खरोखर रिकामी असावी, आणि नंतर कोणी नाणी काढू नयेत वा टाकू नयेत. कोकणच्या पावसात दुसरी अट पाळली जाणे किती कठीण, हे आपणांस सांगावयास नको. पाणी मुरते, स्फटिक कुजतात, त्यांच्या जागी माती येते आणि अडकलेला वायू निसटतो. दगड आहे त्यापेक्षा तरुण दिसू लागतो. उलट कोठे जुना आर्गॉन पूर्ण निघून गेलेला नसला तर दगड म्हातारा दिसतो. शिवाय हवेतच शंभर भागांत जवळजवळ एक भाग आर्गॉन आहे. तो दगडाच्या फटीत शिरतो. सुदैवाने हवेच्या आर्गॉनात ३६ वजनाचा एक अणू असला की ४० वजनाचे सुमारे २९८ असतात, हे प्रमाण ठरलेले आहे. त्यावरून हवेचा वाटा वजा करता येतो. कुजण्याचा वाटा मात्र असा सहज वजा होत नाही.

दख्खनच्या दगडाची झालेली फसगत

१९६४ साली दिल्लीस आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषद भरली. तीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून दख्खनच्या काही नमुन्यांची पोटॅशियम-आर्गॉन वये मांडली गेली. त्यानंतर देशी-परदेशी अनेकांनी नमुने नेले, आकडे आणले. ते सारे एकत्र मांडले तेव्हा सुमारे ३ कोटींपासून ८ कोटींपर्यंत पसरलेले दिसले. यावरून कोणी म्हणेल की, महाराष्ट्राची ही भूमी पाच कोटी वर्षे हळूहळू ओतली जात होती. आकडे खरे होते, मोजणाऱ्यांनी कसूर केली नव्हती. पण त्यांतील पुष्कळ आकडे लाव्हा थिजल्याचे नव्हते. पेटी गळू लागल्याचे, म्हणजे दगड कुजत गेल्याचे ते सरमिसळ आकडे होते.

शंका येण्यास दुसरीकडूनही कारण मिळाले. लाव्हा थिजताना त्यातील लोहकण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाप्रमाणे रांगेत बसतात. पृथ्वीच्या चुंबकाची उत्तर-दक्षिण काही लाख वर्षांनी उलटत असते. दख्खनच्या दगडातील या चुंबकत्वाचा अभ्यास १९५० नंतरच्या दशकात सुरू झाला, आणि त्यात टाटा संस्थेतील सहस्रबुद्धे प्रभृतींचा वाटा होता. सह्याद्रीतील शेकडो मीटर जाडीचे थर एकाच उलट्या दिशेचे निघाले. पाच कोटी वर्षे लाव्हा वाहत असता, तर दिशा कितीतरी वेळा पालटलेली दिसावयास हवी होती. चुंबक एक सांगत होता आणि आर्गॉन दुसरे.

हा तंटा सोडविला तो आर्गॉन मोजण्याच्या सुधारलेल्या रीतीने. ही रीत १९६६ च्या सुमारास पुढे आली. जुन्या रीतीत पोटॅशियम दगडाच्या एका तुकड्यात मोजत आणि आर्गॉन दुसऱ्यात. नव्या रीतीत नमुना प्रथम अणुभट्टीत ठेवतात. तेथे न्यूट्रॉनच्या माऱ्याने पोटॅशियमच्या काही अणूंचा ३९ वजनाचा आर्गॉन होतो. म्हणजे पोटॅशियमची मोजदादही आर्गॉनच्याच रूपाने, त्याच कणात, त्याच वेळी होते. भट्टीतला मारा किती झाला हे समजावे म्हणून वय माहीत असलेले एक खनिज सोबत ठेवतात. मग नमुना एकदम न वितळविता पायरीपायरीने तापवितात. आधी बाहेरच्या, कुजक्या भागातला वायू सुटतो, नंतर आतल्या शाबूत भागातला. कांद्याचे वाळके पापुद्रे काढून टाकल्यावर ताजा गाभा लागावा तसे हे आहे. प्रत्येक पायरीचे वय वेगळे काढतात. आतल्या बहुतेक पायऱ्या एकच वय सांगू लागल्या तर ते थिजल्याचे वय. त्या एकमेकींशी भांडू लागल्या तर शहाण्या माणसाने तो नमुना बाजूस ठेवावा.

या रीतीने फ्रान्समधील कूर्तियो आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ साली, आणि डंकन व पाइल यांनी १९८८ साली दाखविले की, दख्खनचा बहुतेक लाव्हा भूशास्त्राच्या मापाने फार थोड्या काळात बाहेर पडला. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील व्यंकटेशन, पांडे आणि गोपालन यांनी १९९३ साली सह्याद्रीतील थरांची आपली वये प्रसिद्ध केली आणि चर्चेला नवी धार आली. पुढे लोटांमधल्या तांबड्या मातीच्या थरांत झिरकॉन नावाचे सूक्ष्म स्फटिक सापडले. त्यांत युरेनियमचे घड्याळ असते, आणि ते फार नेमके चालते. २०१५ साली या घड्याळावरून असा निष्कर्ष निघाला की, मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६३ लाख वर्षांपूर्वी सुरू झाला आणि ११ लाख घन किलोमीटरहून अधिक लाव्हा साडेसात लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. कोठे पाच कोटी वर्षे आणि कोठे साडेसात लाख!

हा नुसता आकड्यांचा खेळ नव्हे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर आणि त्यांच्यासह असंख्य जीवजाती नष्ट झाल्या. मेक्सिकोत त्याच सुमारास एक प्रचंड अशनी आदळली. लाव्हा पाच कोटी वर्षे संथ वाहत असता तर त्या संहाराशी त्याचा संबंध जोडण्याचे कारणच नव्हते. पण तो थोडक्या काळात, नेमक्या त्याच वेळी बाहेर पडला असेल, तर हवा, समुद्र आणि ऋतुमान यांवर त्याचा परिणाम किती, हा प्रश्न खराखुरा उभा राहतो. २०१९ साली दोन पथकांनी एकाच वेळी आपले निष्कर्ष जाहीर केले. एकाने झिरकॉन मोजले, दुसऱ्याने आर्गॉन. लाव्हा अल्पकाळात आला यावर दोघांचे एकमत. सर्वांत मोठा लोंढा संहाराच्या आधी आला की नंतर, यावर मतभेद. म्हणजे कोटी वर्षांचा वाद आता हजारो वर्षांवर येऊन ठेपला आहे. मागच्या पिढ्यांच्या मानाने ही प्रगती थोडी नव्हे.

किनाऱ्यावरचे उशिरा आलेले पाहुणे

मात्र सारा काळा दगड एका दिवसाचा असेही समजू नये. मुंबईत मनोरी आणि साकीनाका येथील ट्रॅकाइट खडकांची आर्गॉन-वये २००१ साली प्रसिद्ध झाली. ती सुमारे ६ कोटी ते ६ कोटी २० लाख वर्षे निघाली. गोव्यात जुन्या खडकांना चिरून उभ्या भिंतीसारख्या घुसलेल्या काळ्या दगडाच्या शिरांचे वय ६ कोटी २८ लाख वर्षे निघाले. मुख्य पूर ओसरल्यावरही किनाऱ्याच्या बाजूस ज्वालामुखीचे काम काही काळ धुमसत होते, असा याचा अर्थ. म्हणूनच नकाशा करणाऱ्याने आडवा लोट कोणता आणि त्यात मागाहून घुसलेली उभी शीर कोणती, हे आधी ओळखावे लागते. ते न ओळखता शिरेचा तुकडा उचलला, तर पाहुण्याचे वय घरमालकाला चिकटते.

जांभ्याला जन्मदिवस नसतो

आता जांभ्याकडे वळू. याला 'लॅटेराइट' हे नाव फ्रान्सिस बुकानन याने मलबारातील दगड पाहून १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तात दिले. लॅटिन भाषेत वीट या अर्थी जो शब्द आहे त्यावरून. आपला चिरा पाहिला की नाव किती चपखल आहे ते पटते. पण याचे वय पोटॅशियम-आर्गॉनने काढू गेलो तर हाती काही लागत नाही. जांभा बनताना पावसाने पोटॅशियम धुऊन नेलेले असते, उरतात ती लोखंड आणि ॲल्युमिनियम यांची गंजलेली रूपे. पेटी तर गळकीच, आणि नाणी टाकणाराही निघून गेलेला.

यातूनही वाट निघाली. जांभ्याच्या थरांत कोठे कोठे मँगनीजची काळी खनिजे आढळतात. त्यांतील काहींच्या जाळीत पोटॅशियम अडकलेले असते. ती खनिजे कुजण्याच्या क्रियेतच जन्मतात, म्हणून त्यांचे वय हे जांभा बनण्याच्या त्या टप्प्याचे वय. गोवा-कर्नाटकाच्या बाजूस अशी वये काढली गेली. घाटाखालच्या सखल भागातील जुनी खनिजे साडेचार कोटी वर्षांहूनही अधिक वयाची निघाली आणि इतर त्यांहून पुष्कळ तरुण. यावरून दोन गोष्टी उलगडतात. एक, घाटमाथा आणि तळकोकण हा उंच-सखल भेद फार पुरातन आहे. दुसरी, जांभा एका दिवशी जन्मला नाही. तो टप्प्याटप्प्याने, लांबलेल्या ओल्या काळांत बनत गेला. म्हणून जांभ्याला जन्मतारीख विचारू नये. तो केव्हापासून केव्हापर्यंत घडत होता, असे विचारावे.

करल : एका मुठीत दोन वये

करलाचा तुकडा हाती घेऊन नीट पाहा. त्यात काळे कण दिसतील, ते काळवत्रीची वाळू. त्यांचे वय सहा-साडेसहा कोटी वर्षे. त्यांच्या शेजारी शिंपल्याचा पांढरा तुकडा, त्याचे वय काही हजार वर्षे. आणि दोघांना सांधणारा चुना त्याहूनही नंतरचा. मग करलाचे वय काय? घराच्या उदाहरणातील कोडे येथे मुठीत मावले आहे.

या कोड्यात उपयोगी घड्याळ कार्बनचे. विलार्ड लिबी याने ते १९४९ साली सिद्ध केले आणि त्याला १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले. जिवंत प्राणी वा झाड १४ वजनाचा कार्बन सतत घेत असते. मरण आले की घेणे थांबते आणि साठा आटू लागतो. अर्धायुष्य ५,७३० वर्षे. म्हणून सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगे काही उरत नाही, आणि काळ्या दगडाला हे घड्याळ लावणे म्हणजे तोळ्याच्या काट्यावर बैलगाडी ठेवणे होय. आपल्या देशात ही कार्बन-तिथी काढण्याची सोय टाटा संस्थेत १९६० नंतरच्या दशकात झाली आणि पुढे ते काम अहमदाबादेस गेले.

शिंपल्याचे कार्बन-वय म्हणजे त्यातील जीव मेल्यापासूनचे वय. समुद्राच्या पाण्यातील कार्बन मुळातच काहीसा जुना असल्याने त्यातून काही शतके वजा करावी लागतात. आणि शिंपला मेल्यावर तो किती काळ वाळूत लोळला, हे शिंपला सांगत नाही. म्हणून नियम असा की, करल हा आपल्यातील सर्वांत तरुण शिंपल्याहून जुना असू शकत नाही. त्याने खालची बाजू बंद होत नाही, पण वरची बाजू पक्की होते. किनाऱ्यावरची पाण्याची पातळी गेल्या काही हजार वर्षांत कशी हलली, हे समजण्यास एवढेही पुष्कळ उपयोगी पडते.

लोणारचे तळे आणि सड्यावरची चित्रे

वय दगडाचे नसून घटनेचे असते, याचा उत्तम पुरावा बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचे वर्तुळाकार तळे अशनीच्या आघाताने झालेले. तेथला खडक आपल्यासारखाच दख्खनचा काळा दगड, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा. पण आघाताच्या उष्णतेने त्याचा काही भाग वितळला, त्याची पेटी रिकामी झाली आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आले. त्या वितळलेल्या तुकड्यांचे आर्गॉन-वय २०११ साली प्रसिद्ध झाले. ते निघाले ५ लाख ७० हजार वर्षे, ४७ हजार वर्षे इकडे किंवा तिकडे. त्यापूर्वी वेगळ्या रीतीने सुमारे ५० हजार वर्षे असा अंदाज केला जात असे. आता एकाच तळ्याच्या काठावरून एकाच जातीचे दोन दगड उचला. एक सहा कोटींचा, दुसरा सहा लाखांच्या आतला. दोन्ही आकडे बरोबर.

याच्या उलट उदाहरण रत्नागिरी जिल्ह्याच्या सड्यावर आहे. जांभ्याच्या कातळावर हत्ती, मासे, माणसे अशी जी कातळशिल्पे कोरलेली आढळली, त्यांना २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत स्थान मिळाले. पुष्कळ लोक विचारतात की, कातळ शास्त्रज्ञांकडे नेऊन चित्राचे वय काढता येणार नाही काय? कोरण्याने दगड वितळत नाही, पेटी रिकामी होत नाही, आणि घड्याळाला त्या छिन्नीची खबरही लागत नाही. कातळाचे वय कितीही नेमके काढले, तरी कोरणाऱ्याचा हात केव्हा चालला हे त्यातून निघणार नाही. ते आजूबाजूच्या हत्यारांवरून, वस्तीच्या खुणांवरून, कोळशावरून शोधावे लागते.

आकडा हातोडीपासून सुरू होतो

यावरून ध्यानात येईल की, वय काढण्याचे काम प्रयोगशाळेत संपते, पण सुरू होते ते पऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या हातोडीपासून. नकाशा करणारा भूशास्त्रज्ञ प्रथम थर चालत जाऊन तपासतो. खालचा कोणता, वरचा कोणता, मध्ये तांबडा पट्टा आहे की नाही, उभी शीर घुसली आहे काय, हे नोंदतो. लोटाचा वरचा फेसाळ भाग तो टाळतो, कारण त्याच्या भोकांत मागाहून आलेली पांढरी खनिजे भरलेली असतात आणि त्यांचे वय लाव्हाचे नव्हे. दगडाची तपकिरी साल फोडून आतला निळसर काळा, खणखणीत गाभा घेतो. नमुन्यावर क्रमांक घालतो. जागा, उंची, थराची ओळख वहीत लिहितो. पुढे दगडाचा इतका पातळ काप काढतात की त्यातून उजेड आरपार जावा, आणि स्फटिक शाबूत आहेत ना ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. या परीक्षेत उतरला तरच तो अणुभट्टीपर्यंत जातो. जुन्या आकड्यांची सरमिसळ झाली ती बरीचशी या पहिल्या पायरीवर.

म्हणून आपणा कोकणवासीयांचाही यात वाटा आहे. नवी विहीर, रस्त्याचा नवा छेद, चिरेखाणीचा तळ ही भूशास्त्रज्ञाची तीर्थक्षेत्रे आहेत. जो ताजा दगड पावसाने शतकानुशतके झाकून ठेवला तो तेथे उघडा पडतो. अशा ठिकाणी शाळेतील मुलांनी थरांचे चित्र काढावे, जांभा कितीवर संपला, शेडी किती जाडीची लागली, काळा दगड कोठे लागला, याची नोंद तारखेसह ठेवावी. विहीर बांधून काढल्यावर तो पुरावा झाकला जातो. मुलाची वही मात्र उरते. कातळशिल्पे आणि करलाचे पट्टे मात्र फोडू नयेत. फोडलेल्या दगडाचे वय कळेल, पण त्याची जागा आणि शेजार हरवला तर त्या वयाचा उपयोग उरणार नाही.

परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटविला आणि कोकणची भूमी काढली, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. त्या कथेत विचारलेला प्रश्न आणि आजचा प्रश्न एकच आहे. ही भूमी केव्हाची? शास्त्राचे उत्तर इतकेच की, भूमी म्हणजे पायाखालचा काळा दगड म्हणाल, तर ती साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासची. भूमी म्हणजे जांभ्याचा सडा म्हणाल, तर कोट्यवधी वर्षांत घडत आलेली. आणि भूमी म्हणजे नारळी-पोफळी ज्या वाळूत रुजतात तो किनारा म्हणाल, तर तिची वर्षे हजारांत मोजावी. या तिन्ही उत्तरांत विरोध नाही. कड्यावरच्या गणपतीपाशी उभे राहून खाली समुद्राकडे दृष्टी टाकणाऱ्याला ही तिन्ही वये एकाच नजरेत दिसतात. कोणते वय विचारावयाचे ते आधी ठरवून मग विचारले, म्हणजे दगड खोटे बोलत नाही.